यंदा रातकिडे नाही का गं?

मागच्या जुलैतली गोष्ट. पाऊस दिवसभर लागून नुकताच उघडला होता, लाइट गेलेली, आणि आम्ही तिघंही गॅलरीत येऊन बसलो. आमचं घर नागपुरात अंबाझरीच्या बाजूला, त्यामुळे पावसाळ्यात रात्री रातकिड्यांचा असा कल्ला असतो की फोनवर बोलायचं तर आत जाऊन दार लावावं लागतं. त्या रात्री पंखे बंद, रस्त्यावर गाड्या नाहीत, सगळीकडे फक्त रातकिडेच. आणि बाबा एकदम म्हणाले, "यंदा रातकिडे नाही का गं? की तिकडली झाडं तोडली?"

आई नि मी एकमेकींकडे बघितलं. अंधारात काय दिसणार, पण बघितलं. मी म्हटलं, "ओरडून राहिले नं बाबा, भरपूर." ते थोडा वेळ कान देऊन बसले, मान जराशी तिरपी करून, वर्गात मागच्या बाकावरचं पोरगं हळू उत्तर देत असलं की करायचे तशी. मग म्हणाले, "असतील."

त्यानंतर मागच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम बाबांनी कधीपासून सोडलं होतं ते आठवलं. गोकुळपेठच्या बाजारात भाजीवाली "साठ रुपये" म्हणाली आणि बाबांनी दहाची नोट काढून दोन रुपये परत मिळायची वाट बघितली, तेव्हा मी मनातल्या मनात वयाला दोष दिला होता. चौतीस वर्षं महालातल्या शाळेत गणित शिकवलेला माणूस, हिशेबात कसा चुकेल? हिशेब बरोबरच होता. त्यांना "साठ"मधला स ऐकूच आला नव्हता, त्यांच्यापर्यंत "आठ" पोचलं होतं. सगळ्यात आधी हरवतात ते स, श, फ. या वर्णांची बरीचशी ताकद चार हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनांच्या, आसपास आणि त्याच्याही वर असते, रातकिड्यांचंही तसंच.

रामदासपेठेत ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडे गेलो, त्यांनी आलेख काढून दिला. २५० ला ठीक, ५०० ला ठीक, १००० लाही वयाच्या मानाने चांगलं, २००० पासून उतार सुरू, आणि ४००० च्या पुढे चिखलदऱ्याच्या पॉइंटवर उभं राहून खाली बघावं तशी सरळ दरी. कानातल्या शंखात आवाज टिपणाऱ्या ज्या केसपेशी असतात त्यांतल्या दाराजवळच्या पेशी उंच आवाजांच्या, आतल्या टोकाकडच्या खर्जाच्या. म्हातारपणी दाराकडच्या आधी जातात. बाबा आलेख हातात घेऊन बराच वेळ बघत होते, आणि पहिला प्रश्न काय विचारला तर आडव्या अक्षावर दर घराला आकडा दुप्पट का होतो. मॅडमनी पण बिचाऱ्यांनी शांतपणे समजावून सांगितलं.

याच्या आधी आम्ही एकदा चूक करून बसलो होतो. तपासणी न करताच सिताबर्डीच्या एका दुकानातून मशीन आणलं, ते नुसता आवाज मोठा करायचं. वाट्या घासताना बाबा दचकायचे, स्कूटर गेली की कानावर हात ठेवायचे, आणि स तरीही नाही तो नाहीच. कसा येणार? ज्या पेशी राहिल्याच नाहीत त्यांच्यासाठी आवाज दहापट करा की शंभरपट, बंद घराची बेल जोरात दाबल्याने कोण दार उघडणार आहे? आणि मी, जी रोज पोरांना सिग्नल प्रोसेसिंग शिकवते, मला हे त्या दुकानात उभी असताना सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मॅडम म्हणाल्या, "आता आपण वेगळं करू. वरचे आवाज मोठे करण्याऐवजी खाली आणू. यांना जिथे ऐकू येतं तिथे आणून ठेवू." आणि मी त्या खुर्चीत सरळच झाले.

हे जरा नीट सांगावंसं वाटतं. आमच्या सिलॅबसमध्ये फिल्टर म्हणजे लिनिअर फिल्टर. पोरांना मी पहिल्या दिवशी सांगते की ही चाळणी समजा. पीठ-कोंडा एकत्र घातलं, कोंडा वर राहिला, पीठ खाली गेलं. चाळणी काही अडवेल, काही सोडेल, पण तुम्ही गहू घातले तर खाली तांदूळ पडणार नाही. तसंच लिनिअर फिल्टरमध्ये ५० हर्ट्झचा स्वर घातला तर ५० चाच बाहेर येणार, लहान होऊन, मोठा होऊन, थोडा उशिरा, पण ५० चाच. त्यातून ५१ वा कधीही निघणार नाही. याच एका गुणावर आमचं सगळं शास्त्र उभं आहे, आणि ते सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण घरात चाळणीशेजारी जातंही असतं. जात्यात गहू घातले की रवा निघतो, पीठ निघतं, भरडा निघतो, जे घातलं त्या रूपात काहीच बाहेर येत नाही. वजन मात्र तेवढंच, उलट थोडं उडून कमीच. नॉनलिनिअर सिस्टीम म्हणजे हे जातं. एका फ्रिक्वेन्सीची एनर्जी घेऊन ती दुसऱ्या फ्रिक्वेन्सीला नेऊन ठेवते. आता हे होतं कसं, तर गुणाकाराने. एखादं कंपन स्वतःशीच गुणलं गेलं की दुप्पट फ्रिक्वेन्सी तयार होते, दोन वेगवेगळी कंपनं एकमेकांशी गुणली गेली की त्यांची बेरीज आणि वजाबाकी तयार होते. जुन्या रेडिओत हेच चालायचं. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर, रेडिओच्या आत १०४० चं एक कंपन तयार व्हायचं, दोघांची गाठ पडली की वजाबाकी ४५५, आणि पुढची सगळी यंत्रणा फक्त त्या ४५५ साठी बांधलेली. तुम्ही कुठलंही केंद्र लावा, ते ४५५ वर येऊन बसणार. आर्मस्ट्राँग नावाच्या माणसाने १९१८ मध्ये हे काढलं, आणि आमच्या बाबांनी आयुष्यभर त्यावर बातम्या ऐकल्या.

गणिताच्या बाजूने याला व्होल्टेराच्या मालिकेचा आधार आहे, तो इटालियन गणिती, एकोणिसाव्या शतकातला पाया त्याचा. आणि २००२ मध्ये इंग्लंडात शेफील्ड विद्यापीठातल्या बिलिंग्ज आणि लँग या दोघांनी एक पेपर लिहिला, त्यात त्यांनी असल्या सिस्टीमना एनर्जी ट्रान्सफर फिल्टर असं सरळ नावच दिलं. एनर्जी कुठून उचलायची, कुठे नेऊन ठेवायची हे आधी ठरवायचं आणि मग तशी सिस्टीम बांधायची. मी तो पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर हे, की ज्याला आम्ही वर्षानुवर्षं डिस्टॉर्शन म्हणजे दोष म्हणत आलो, ॲम्प्लिफायरमधून हाकलायची गोष्ट म्हणून शिकवत आलो, त्याला त्यांनी कामाला लावलं.

बघा नं, हा दोष किती ठिकाणी आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डीपी आहे, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. लाइट आली की ती पहिल्यांदा घूंऽऽ करते. वीज आपल्याकडे ५० हर्ट्झची, पण डीपीचा आवाज ५० चा नसतो, १०० चा असतो. आतला लोखंडी गाभा चुंबकत्वाने किंचित लांबतो नि आखडतो, आणि चुंबकत्व या दिशेचं असो की त्या, बदल सारखाच. म्हणजे विजेच्या एका फेऱ्यात त्याचं दोनदा लांबणं-आखडणं. मी हे बाबांना सांगितलं होतं तेव्हा त्यांनी लगेच म्हटलं, "ऋण गुणिले ऋण धन, झालं." दोन पानांचं डेरिव्हेशन त्यांनी पाच शब्दांत संपवलं.

आणि आता आईचा तंबोरा. आई पांढरी पाचमध्ये गाते. त्या पट्टीचा मधला सा साधारण १९६ हर्ट्झ, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार ९८. डीपी १००. आई संध्याकाळी तंबोरा जुळवायला बसली की म्हणायची, "डीपी केसभर चढी आहे," आणि मग मणी सरकवून सरकवून तंबोराच तेवढा वर घ्यायची. "तिला खाली आणता येत नाही, आपणच जुळवून घेऊ." लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच आया डीपीशी तंबोरा जुळवतात.

आमचा तंबोरा मिरजेचा, आईच्या लग्नाआधीचा. त्याच्या घोडीवरचा तो दोरा मी किती वेळा जवळून बघितलाय. घोडी हाडाची, पसरट, वरून अगदी थोडा फुगीर उतार दिलेला, तार त्या उतारावर धड टेकत नाही, धड सुटत नाही. तिच्याखाली साधा शिवायचा दोरा सरकवलेला. दोरा जागेवर नसला की तार टण्ण वाजते आणि मरते, डब्यावर रबर ताणून वाजवल्यासारखी. आई डाव्या हाताच्या दोन बोटांनी दोरा धरून केसाइतका पुढे, केसाइतका मागे करते, उजव्या हाताने तार छेडत राहते, आणि एका जागी येऊन आवाज उघडतो. आधी आऽ असतो त्याचा आँऽऽ होतो, तारेतून आत अजून तारा असाव्यात तसा, आणि तो छेडल्यानंतर कमी होत जायच्या ऐवजी आधी फुलतो. याला आपण जवारी लागली म्हणतो.

ती जागा सापडली की नाही हे समोर बसून सांगायचं काम बाबांचं. गाण्यातलं त्यांना बाकी विशेष काही येत नाही, राग ओळखत नाहीत, पण जवारी लागली की बोट वर करायचे. चाळीसेक वर्षं हेच चाललेलं. मी कॉलेजला असताना याचा अर्थ लागला. तार कंप पावते तेव्हा प्रत्येक झोक्याला त्या उतारावर घासते, टेकते, सुटते, तिची लांबी क्षणोक्षणी बदलते. हाच गुणाकार. खर्जातली एनर्जी थोडी थोडी वरच्या स्वरांकडे जात राहते. खर्ज १०० ला, तर २००, ३००, ४००, आणि ५०० ला शुद्ध गंधार. तंबोऱ्यावर एकही तार गंधाराची नाही, प, सा, सा आणि खर्ज एवढ्याच चार, आणि तरी चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जातून निघालेला पाचवा स्वर आहे हे कळल्यावरसुद्धा मला तोच शब्द बरोबर वाटतो.

सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंबोरा-वीणेवर लिहिलं. त्याआधी थॉमस यंगचा नियम सगळे मानायचे, की तार ज्या बिंदूवर छेडाल तिथे ज्या स्वराचा निश्चल बिंदू असेल तो स्वर निघणारच नाही. रामन म्हणाले, तंबोऱ्यात निघतो, आणि चांगला जोरात निघतो. घोडीने करून दाखवलेलं होतं, त्यांनी फक्त ते दुर्लक्ष न करता लिहून काढलं. आणि मला ज्याचा फार आनंद होतो ती गोष्ट म्हणजे हे रामन सरकारी लेखा खात्यात नोकरीला असताना १९१० च्या सुमाराला काही काळ आपल्या नागपुरात होते. इथे असताना त्यांच्या कानावर तंबोरा पडला की नाही, काय माहीत. पण सिव्हिल लाइन्समधून जाताना मला दर वेळी ते आठवतात.

दुर्लक्षावरून आठवलं. १९६१ मध्ये अमेरिकेत मिशिगनला फ्रँकन आणि त्यांच्या सोबतच्यांनी रूबी लेझरचा लाल उजेड क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवला आणि पलीकडे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा उजेड मिळवला, तरंगलांबी ६९४ नॅनोमीटरची निम्मी होऊन ३४७. फोटोच्या पट्टीवर तो एक बारीकसा ठिपका होता. जर्नलमध्ये छापताना कुणीतरी तो डाग समजून काढून टाकला, आणि पेपर छापून आला तो बाणाने दाखवलेल्या रिकाम्या जागेसकट. मी हे दर वर्षी वर्गात सांगते आणि सांगताना दर वर्षी मला त्या ठिपक्याची दया येते.

आता सगळ्यात जवळची गोष्ट, आपला कान. मॅडमनी बाबांची अजून एक तपासणी केली. कानात छोटंसं बोंडूक घालायचं, त्यातून एकाच वेळी दोन स्वर सोडायचे, समजा १००० आणि १२००, आणि त्याच बोंडुकातल्या माइकने ऐकायचं. निरोगी कान तिसरा स्वर परत देतो, ८०० चा. पहिल्याची दुप्पट वजा दुसरा. आपण सोडलेलाच नाही असा स्वर कानाच्या आतून बाहेर येतो! डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये कानातून येणारे हे आवाज पहिल्यांदा पकडले, आणि आज जन्मलेल्या बाळाला ऐकू येतं की नाही हे त्यावरूनही बघतात, बाळ झोपलेलं असतानाच. बाहेरच्या ओळीतल्या केसपेशी स्वतः हलतात, आवाज वाढवतात, आणि ते करताना गुणाकार होतोच. कान लिनिअर असता तर तो तिसरा स्वर आला नसता. इथे डिस्टॉर्शन नसणं हा आजार आहे. बाबांच्या कानाने खालच्या जोड्यांना अंधुकसं उत्तर दिलं, वरच्या जोड्यांना काहीच नाही. मी त्या स्क्रीनवरच्या सपाट रेघेकडे बघत होते आणि बाबा माझ्याकडे.

तर नवीन मशीन आलं. त्यात सीमा २५०० वर ठेवली. त्याच्या खालचं जसंच्या तसं, वरचं दाबून खाली. ५००० चा रातकिडा साधारण ३५०० वर येऊन पोचतो, तिथे बाबांचं अजून थोडं शिल्लक आहे. आतली पद्धत तंबोऱ्यासारखी नाही हे सांगायला हवं, इथे घासणारी घोडी नाही, चिप आवाजाचे बारीक तुकडे करून वरच्यांना नव्या जागी नेऊन परत जोडते. पण एनर्जीचं घर बदलणं तेच. आईचा तंबोरा खालून वर नेतो, बाबांचं मशीन वरून खाली आणतं. एकाच घरात दोन्ही.

पहिले आठ दिवस कठीण गेले. स ऐकू आला, पण श सारखा. बाबा म्हणायचे, "आता भाजीवाली शाठ म्हणते." मॅडम म्हणाल्या होत्या वेळ लागेल, मेंदूला नवीन घर पाठ व्हावं लागतं. मग एक दिवस कुकर झाला आणि बाबा हॉलमधून ओरडले, "अहो, चौथी झाली, बंद करा!" आई स्वयंपाकघरात तिथेच खाली बसली. ऑगस्टमध्ये रात्री गॅलरीत बाबांनी हात वर केला आणि म्हणाले, "आले गं. पण आवाज बसलाय त्यांचा." त्यांचे रातकिडे आमच्या रातकिड्यांपेक्षा साधारण अर्धं सप्तक खाली गातात. चालेल बाप्पा, खाली तर खाली.

अडचण आली ती तंबोऱ्याने. आईने गणपतीच्या आधी तंबोरा काढला, बाबा नेहमीसारखे समोर बसले, आणि दोन मिनिटांत चेहरा कसनुसा झाला. "मध्येच कोणीतरी दुसरं गाऊन राहिलं." बरोबर होतं त्यांचं. जवारीतून निघणारे सगळे स्वर १०० च्या पटीत, २६००, २७००, ३०००, कितीही वर जा, सगळे एकाच सा ची लेकरं. मशीन २५०० च्या वरचे सगळे सरकवतं, ३००० चा स्वर जाऊन २७४० च्या आसपास बसतो, आणि २७४० कुठल्याच पटीत नाही. बोलण्यात ते चालून जातं, स हा मुळात फुसकारा, त्याला पट्टी कुठली? तंबोऱ्यात नाही चालत. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या हे नेहमीचं आहे, गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम टाकून देते, त्यात सरकवणं बंद. कानामागचं बटण एकदा दाबलं की एक बीप, बोलण्यासाठी, दोनदा दाबलं की दोन बीप, गाण्यासाठी.

गेल्या रविवारी आई जवारी लावत होती. बाबांनी एक बीप ऐकून बघितला, मग दोन. मग दोन्ही मशीनं काढून स्टुलावर ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि भोपळ्याला जवळजवळ कान लावून बसले. आई दोरा सरकवत होती. बाहेर डीपीचं घूं चालू. गंधाराच्या ५०० ला बाबांच्या आलेखावर काही घसरण नाही, हे मला माहीत होतं, तरी मी हातातलं काम ठेवून तिथे उभी राहिले.

थोड्या वेळाने बोट वर झालं.

"गंधार आहे," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "वरचं लागलंय का ते तू सांग."

मी आईच्या समोर जाऊन बसले, बाबांच्या शेजारी. आईने दोरा अजून केसभर पुढे घेतला.